मोठ्यानं वाचायची पट्टी

ताई तशी अबोल बाई. सगळे तिला ताई म्हणायचे ते वयाचा मान म्हणून, आणि थोडंसं धाकापोटीही. पण ताई फार बोलते अशी तक्रार आजवर कुणी केली नव्हती. याला कारण तिचा धंदा. कित्येक वर्षं ती पंख्याचं एक छोटं विमान चालवत होती. मागे टपालाच्या थैल्या, औषधांची खोकी, कधी चिवचिवणाऱ्या पिल्लांच्या पेट्या आणि सात-आठ खुर्च्यांवर जी माणसं बसतील ती. पुढे ती एकटी. बोलणार कुणाशी? विमानाशी बोलायची गरजच नव्हती. ते जरासं वर सरकलं तरी काट्याच्या आधी तिच्या पाठीला कळायचं, आणि पाठीला कळलं की हात आपोआप हलायचा. डोंगराच्या कुशीतल्या आखूड धावपट्टीवर ती भर वाऱ्यातसुद्धा विमान असं टेकवायची की मागची पिल्लं झोपेतून जागी होत नसत. हे उगाच वाढवून सांगितलेलं नाही, पिल्लांचा मालक स्वतःच गावभर सांगत सुटायचा.

मग कंपनीनं छोटी विमानं विकायला काढली. साहेबांनी सगळ्या जुन्या वैमानिकांना एका खोलीत बोलावलं आणि फार गोड हसून सांगितलं की घाबरण्याचं काही कारण नाही. मोठ्या प्रवासी जेटचं शिक्षण घ्या, सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्या, पास झालात की उजवीकडची, सहवैमानिकाची खुर्ची तुमची. नापास झालात तर आणखी एकदा बसता येईल. आणि तेव्हाही जमलं नाही तर? तर वेळापत्रक विभागात टेबल आहे, खुर्ची आहे, खिडकीसुद्धा आहे. खिडकीतून दुसऱ्यांची विमानं दिसतात, हे मात्र साहेब बोलले नाहीत. ताईनं ती खिडकी आधीच पाहून ठेवली होती.

मोठ्या विमानात तिला पहिला धक्का बसला तो हा, की तिथे तिच्या हाताला फारसं कामच नव्हतं. उंची बदलायची असेल तर काचेखालचं एक गोल बटण फिरवायचं, त्यावर हवा तो आकडा लावायचा, पुढचं ऑटोपायलट बघून घेतो. आता गंमत अशी की बटणापाशी जो आकडा दिसतो तो तुम्ही काय मागितलं याचा. विमान प्रत्यक्षात काय करतंय, ते दुसरीकडेच लिहिलेलं असतं. वैमानिकाच्या समोर जो मुख्य स्क्रीन, त्याच्या अगदी वरच्या काठाला अक्षरांची एक अरुंद पट्टी असते. त्या पट्टीवर उंचीसाठी ‘आल्ट’ अशी अक्षरं येतात. कधी निळी, कधी हिरवी, कधी हिरव्या अक्षरांपुढे एक बारीकशी चांदणी. आणि नियम असा की पट्टीवर काहीही बदललं की वैमानिकानं ते मोठ्यानं वाचायचं, म्हणजे शेजारच्यालाही कळतं, आणि शेजारच्यानं ‘बघितलं’ म्हणायचं.

ताईला ती पट्टी बातम्यांच्या खाली सरकणाऱ्या मजकुरासारखी वाटायची. असली तर असली. आणि मोठ्यानं वाचण्याची तर तिला लाजच वाटे. चव्वेचाळीस वर्षांची बाई, आयुष्य आकाशात गेलेलं, आणि आता पहिलीतल्या मुलीसारखी रंग आणि अक्षरं म्हणून दाखवायची? ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि नजर ठेवायची ती जुन्या सवयीनं उंचीच्या आकड्यावर.

पहिल्या परीक्षेला परीक्षक होते त्यांना अख्खी कंपनी ‘फुटपट्टी’ म्हणायची. उंच, सडपातळ, कण्यात कुठे वाक नाही, आणि हसले तरी मोजून हसत. सिम्युलेटर म्हणजे विमानाच्या पुढच्या भागाची एक बंद खोली, लोखंडी पायांवर हलणारी. त्यात वैमानिकांच्या पाठीमागे फुटपट्टी बसायचे, बिघाड पेरायचे आणि कंट्रोलरचा आवाजही तेच काढायचे.

विमान दहा हजार फुटांकडे चढत होतं. पट्टीवर आल्ट निळं होतं, ते हिरवं झालं, पुढे चांदणी आली. म्हणजे विमान आता दहा हजाराची उंची पकडायला लागलं होतं. नेमका तेव्हाच मागून कंट्रोलरचा आवाज आला, “वर दुसरं विमान आहे. दहा नको, नऊ हजारावर या.” ताईनं झटकन बटण नऊ हजारावर फिरवलं. तिच्या लेखी काम झालं. आजवर तिनं आपल्या हाताला काही सांगितलं आणि हातानं केलं नाही असं कधी झालं नव्हतं. ती रेडिओवर उत्तर द्यायला लागली.

या जातीच्या विमानाची खोड अशी, की चांदणी असताना तुम्ही बटण फिरवलंत तर ते हातातलं काम टाकून देतं आणि नवीन काम आपण होऊन उचलत नाही. ‘चढत होतो, मग चढतच राहतो’ असा पवित्रा घेतं. पट्टीवरून आल्ट जातं आणि तिथे ‘व्हर्टिकल स्पीड’ येतं, म्हणजे आहे त्याच वेगानं वर. नऊ हजार तर खाली राहिलेलं, मग वर अडवणार कोण? विमान दहा हजार ओलांडून गेलं. वरच्या विमानाची धोक्याची सूचना कॉकपिटमध्ये खणखणीत वाजली, ताईनं गडबडून दांड्याला हात घातला, आणि फुटपट्टींनी सगळं जागच्या जागी थांबवलं.

“पट्टीवर काय आहे?” त्यांनी शांतपणे विचारलं.

ताईनं वर बघितलं. जे होतं ते तिला दिसलं, पण ते तिथे कधी आलं हे तिला सांगता येईना. नापास.

संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात तिनं सगळं सांगितलं. ऐकणारे दोघे, नवरा आणि सासूबाई. नवरा प्लंबर. माणूस लाखाचा, शहरातल्या अर्ध्या इमारतींचे नळ त्यानं दुरुस्त केलेले, आणि स्वतःच्या न्हाणीघरातला नळ मात्र तेव्हाही मागे टपटप गळत होता. त्यानं समजूत काढायची म्हणून म्हटलं, “अगं, टेबलाचं काम काय वाईट आहे? रोज संध्याकाळी घरी येशील.”

सासूबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यानं कपात तोंड घातलं.

“मला नाही यायचं रोज संध्याकाळी घरी,” ताई म्हणाली, आणि मग ती ढसाढसा रडली. “अहो, मला उडायचंय. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोय.”

सासूबाई उठल्या, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “मग रडतेस कशाला? अजून एकदा बसायचंय ना? बस. शिकायला लाजलीस तर मात्र माझ्याशी गाठ आहे.” ताईच्या लाजेची गोष्ट त्यांना कशी कळली कोण जाणे. तिनं ती कुणालाच सांगितली नव्हती.

दुसऱ्या परीक्षेच्या तयारीसाठी तिला एक शिक्षिका मिळाली. ताईपेक्षा वयानं बरीच लहान, उंचीनं त्याहून लहान, पण आवाज असा की सिम्युलेटरच्या बंद दारातून बाहेर ऐकू यावा. ताई तिला मॅडम म्हणायची आणि ती ताईला ताई, आणि दोघींनाही ते अवघड वाटायचं.

“ताई, तुम्ही विमान फार सुरेख चालवता,” शिक्षिका पहिल्याच दिवशी म्हणाली. “पण हे विमान तुम्ही चालवत नाही. तुम्ही याला काम सांगता. आणि सांगून झालं की ते खरंच करतंय का, हे बघतच नाही. निळं आल्ट म्हणजे काय? त्यानं ऐकलंय, एवढंच. केलेलं काहीच नाही.”

ताई अचानक म्हणाली, “म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं.”

“कुणासारखं?”

“नवऱ्यासारखं. नळ दुरुस्त करा म्हटलं की ‘हो’ म्हणतात.”

शिक्षिका हसायला लागली. “बरोबर! ते ‘हो’ म्हणजे निळं.”

“आणि हातात पाना घेऊन न्हाणीघरात शिरले, की चांदणी?”

“चांदणी. आणि नळ गळायचा खरोखर थांबला की नुसतं हिरवं आल्ट. उंची धरली, आता सोडणार नाही.”

“आणि समजा,” ताईचे डोळे आता बारीक झाले होते, “पाना हातात असतानाच मी म्हटलं, अहो, नळ राहू द्या, आधी तो दिवा बघा…”

“तर?”

“तर पाना खाली ठेवतात आणि पुन्हा पेपर वाचत बसतात. नळही नाही आणि दिवाही नाही.”

“ताई!” शिक्षिका खुर्चीतून अर्धी उठली. “तेच तर व्हर्टिकल स्पीड!”

दोघी इतक्या हसल्या की बाहेरून तंत्रज्ञानं दार उघडून आत डोकावून पाहिलं. त्या दिवसापासून ‘मॅडम’ आणि ‘ताई’मधलं अवघडलेपण गेलं ते गेलंच.

पण समजणं वेगळं आणि तोंडानं म्हणणं वेगळं. ताईचा आवाज फुटेना. शिक्षिकेनं तिला एक बोट पट्टीकडे रोखायला लावलं, बोट रोखायचं आणि वाचायचं. “मला ऐकू नाही आलं तरी चालेल,” ती म्हणायची, “तुमच्या स्वतःच्या कानाला ऐकू येऊ द्या.” ताई घरी येऊन सराव करू लागली, आणि घरात जो काही गोंधळ सुरू झाला तो विचारू नका. किटली गॅसवर ठेवली की ताई बोट रोखून म्हणे, “पाणी, निळं.” वाफ दिसू लागली की “पाणी, चांदणी.” उकळी फुटली की “पाणी, हिरवं!” सुरुवातीला कुजबुजत, मग जरा बरं, मग जिन्यावरून जाणारे शेजारी थबकावेत इतकं.

सासूबाईंनी हा खेळ असा उचलला की जणू त्यांनाच परीक्षेला बसायचं होतं. मुलानं अंथरुणातून “उठलो, उठलो” अशी आरोळी दिली की त्या स्वयंपाकघरातून ओरडत, “निळं!” त्यानं जेवायला येतो म्हटलं, निळं. दाढी करतो म्हटलं, निळं. “माझा मुलगा जन्मापासून निळा,” त्या सुनेला सांगत, “नऊ महिने झाले तरी बाहेर यायचं नाव नव्हतं याचं.” बिचारा नवरा एका रविवारी इतका चिडला की पाना घेऊन न्हाणीघरात गेला आणि दुपारी आतून गरजला, “हिरवं!” दोघी धावत गेल्या. नळ खरंच बंद होता. सासूबाईंनी त्याच्या खाली तळहात धरून खात्री केली आणि मगच कबूल केलं.

“आणि जांभळं काय असतं गं?” त्यांनी एकदा विचारलं. ताईच्या पुस्तकात त्यांनी तो रंग पाहिला होता.

“आई, ते म्हणजे वाटेतला थांबा. वर कितीही जायचं असलं तरी मार्गात एके ठिकाणी ठरलेल्या उंचीवर आधी थांबावं लागतं. ते असलं की आल्ट जांभळं दिसतं.”

“म्हणजे गच्चीवर जायचंय, पण पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे टेकल्याशिवाय सुटका नाही, तसं.”

“अगदी तसंच,” ताई म्हणाली, आणि तो रंग ती पुन्हा कधी विसरली नाही.

सगळं असं हसतखेळत झालं असं मात्र कुणी समजू नये. परीक्षा जवळ आली आणि एके दिवशी सरावात ताईनं बोट रोखून खणखणीत आवाजात म्हटलं, “आल्ट, हिरवं!” शिक्षिकेनं सिम्युलेटर थांबवला.

“कुठाय?”

ताईनं नीट पाहिलं. पट्टीवर चांदणी अजून तशीच होती. हिरवं व्हायला अवकाश होता. तिनं जे दिसायला हवं होतं ते वाचलं होतं, जे होतं ते वाचलंच नव्हतं. आवाज फुटला, बोट रोखलं, पाठांतर चोख झालं, आणि डोळे मात्र अजूनही आळशीच.

“हे चुकीपेक्षा वाईट आहे,” शिक्षिका म्हणाली, आणि या वेळी ती हसत नव्हती. “कारण शेजारचा तुमच्यावर विश्वास ठेवेल.”

ताईनं त्या दिवसापासून एक पथ्य पाळलं. बोलायच्या आधी अक्षरं डोळ्यांनी एकदा पूर्ण वाचायची, चांदणीसकट, रंगासकट, दुकानावरची पाटी परक्या गावात वाचतो तशी. वेग कमी झाला तरी चालेल. शिक्षिका मुद्दाम घाई करायची, ओरडायची, घंटा वाजवायची. ताई आधी वाचायची, मग बोलायची. तिला स्वतःलाच नवल वाटलं, की हे करताना तिची भीती कमी होते. एवढी वर्षं तिनं विमान पाठीनं ऐकलं होतं. आता ती ते डोळ्यांनी ऐकायला शिकत होती, आणि हे विमानही तिच्याशी बोलतंय असं तिला पहिल्यांदा वाटलं.

दुसरी परीक्षा दुपारी होती. जोडीदार म्हणून जुन्या ताफ्यातलाच एक जाडजूड मिशांचा सहकारी मिळाला, त्याचं काम ताईला मदत करायचं. मागे फुटपट्टी येऊन बसले. त्यांनी नमस्काराला मान हलवली ती तेवढीच, मोजून.

सुरुवात चांगली झाली. चढताना वाटेतला थांबा आला, ताईनं “आल्ट, जांभळं” म्हणून तो आधीच सांगितला आणि विमान तिथे शहाण्यासारखं थांबलं. फुटपट्टींनी एक इंजिन पेटवलं, ताईनं ते विझवून दाखवलं. दुसऱ्या फेरीत इंधनाचा पंप बंद पाडला, दारातून धूर काढला, जोडीदाराच्या मिशा घामानं खाली वाकल्या, पण ताईचं वाचन सुटलं नाही. ती मनात एकाच गोष्टीची वाट बघत होती. चांदणीच्या वेळी उंची बदलायला सांगतील, आणि त्या वेळी बटणाला हात लावायचा नाही, आधी हिरवं होऊ द्यायचं. फुटपट्टींनी तो प्रसंग आणलाच नाही. परीक्षा संपत आली आणि ताईच्या खांद्यांवरचा भार थोडा सैल झाला.

शेवटचं उतरणं होतं. धुकं दाट, धावपट्टी दिसेना. ताईनं नियमाप्रमाणे उतरणं सोडून विमान पुन्हा वर घेतलं. ऑटोपायलट चार हजार फुटांकडे भराभर चढायला लागला. चाकं आत, पंखांच्या झडपा आत, जोडीदार यादी वाचतोय, रेडिओ बोलतोय, सगळं एकाच वेळी. पट्टीवर हिरव्या आल्टपुढे चांदणी आली. ताईनं ती वाचली. आणि मागून कंट्रोलरचा आवाज आला, “तीन हजारावर या.”

तिचा हात गेला आणि त्यानं बटण तीन हजारावर फिरवलं.

हात तोच, आणि चूकही तीच. इतक्या दिवसांचा सराव, आणि घाईच्या क्षणी जुन्या सवयीनं दगा दिला. पण दुसऱ्या हाताचं बोट तोवर पट्टीकडे गेलेलं होतं. डोळे पट्टीवर पोचले होते. नवीन अक्षरांभोवती पांढरी चौकट उमटली होती, आणि त्या चौकटीत आल्ट नव्हतं.

“आल्ट गेलं!” ताई ओरडली. “व्हर्टिकल स्पीड! वर चाललंय! थांबवतेय!”

जोडीदाराच्या हातातलं पेन उडालं. ताईनं विमान सपाट करायचं बटण दाबलं. चढण मंदावली, मोडली, विमान चार हजाराच्या आतच सपाट झालं. मग तिनं खाली जायची आज्ञा दिली आणि वाचायला सुरुवात केली, शांतपणे, एकेक अक्षर डोळ्यांत घेऊन. “आल्ट, निळं.” विमान खाली निघालं. “आल्ट, चांदणी.” हात दोन्ही मांडीवर. फुटपट्टी मागे श्वासही घेत नव्हते. “आल्ट, हिरवं. तीन हजार.”

“बघितलं,” जोडीदार म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जो जीव आला होता तो लपत नव्हता.

परीक्षेनंतरच्या चर्चेच्या खोलीत एक पांढरा फळा, तीन खुर्च्या आणि पाण्याच्या बाटल्या. ताई खुर्चीच्या काठावर बसली होती. तिच्या मते निकाल लागलेला होता. चांदणीत बटण फिरवलं, तेही दुसऱ्यांदा. वेळापत्रक विभागाची खिडकी तिच्या डोळ्यांसमोर उभी होती. फुटपट्टी बराच वेळ रेकॉर्डिंग पुढेमागे करत राहिले. मग त्यांनी विचारलं, “तीन हजार मी म्हणालो?”

“हो, सर.”

“मला पाच म्हणायचं होतं.” त्यांनी चष्मा काढला. “मी पुढचा बिघाड तयार करत होतो. तोंडातून तीन गेलं. माझं पट्टीकडे लक्षही नव्हतं. तुमचा आवाज आला तेव्हा मी दचकून वर पाहिलं.”

ताईला काही उमगेना. “म्हणजे तो सापळा नव्हता?”

“अहो, सापळा लावलेला असता तर मी सावध नसतो का? ही साधी चूक होती. माझी.”

“आणि माझीही,” ताई म्हणाली. लपवायचा तिला स्वभावच नव्हता. “बटण मी फिरवलं, सर. चांदणी असताना. परत.”

“फिरवलंत. इथे दिसतंय ते. तुमच्या जोडीदारानं ते पाहिलं नाही, मी पाहिलं नाही. आणि तुम्ही ते पकडलंत, बोललात, निस्तरलंत, विमान चार हजाराच्या वर गेलं नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “बटण कधीच चुकत नाही असा वैमानिक माझ्यासमोर अजून यायचाय, ताई. मी त्याची वाट बघत बसलो तर एकही विमान उडायचं नाही. पास आहात तुम्ही. उत्तम पास.”

आणि फुटपट्टी हसले. या वेळी न मोजता, दात दाखवून. मिशीवाल्यानं टेबलावर एवढ्या जोरात थाप मारली की बाटल्या आडव्या झाल्या.

बाहेर शिक्षिका कागदी कपात कॉफी घेऊन येरझाऱ्या घालत होती. ताईचं तोंड पाहताच तिनं किंकाळी फोडली आणि मिठी मारली, आणि कॉफी ताईच्या पाठीवर सांडली. कुणालाच पर्वा नव्हती. ताईनं घरी फोन लावला. नवऱ्यानं उचलला.

“अहो, झाले पास!”

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज. मग तो म्हणाला, “म्हणजे आता रोज संध्याकाळी काही तू घरी यायची नाहीस.”

“नाही यायची!” ताई ओरडली.

“नकोच येऊस!” तोही ओरडला, आणि मागून सासूबाईंचा आवाज आला की फोन इकडे दे, मला बोलू दे, तू रडूनच घालवशील.

गाडीतळावर आल्यावर ताईनं गाडीत बसून दार लावून घेतलं, काचा वर केल्या आणि पोटातून एक आरोळी ठोकली. एवढ्या वर्षांचा अबोला असा एका दमात बाहेर आला. दूरवरून पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला आणि काचेवर टकटक करू लागला.

“बाई, काय झालं? कुणी मारलं का?”

“परीक्षा पास झाले!”

पहारेकऱ्यानं तिच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांकडे पाहिलं. “या वयात? कसली परीक्षा?”

“उडायची!”

त्यानं क्षणभर विचार केला आणि टाचा जुळवून सलाम ठोकला. “मग उडा की, बाई! फक्त आधी गाडी काढा. ही जागा साहेबांची आहे.”

पुढच्याच आठवड्यात एका स्वच्छ सकाळी, पाठीमागे दीडशेच्या वर माणसं घेऊन, ताईनं ते मोठं विमान जमिनीवरून उचललं. डावीकडे एक जुनेजाणते कॅप्टन बसले होते, कमी बोलणारे, ताईसारखेच. खाली डोंगर लहान होत गेले, ज्यांच्यातून ती एवढी वर्षं वाट काढत आली होती ते डोंगर, आणि आता ती त्यांच्या कितीतरी वर होती आणि अजून वर चालली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं पट्टीवरची नजर हलू दिली नाही. विमान ठरलेल्या उंचीवर आलं, सपाट झालं, अक्षरं बदलली. ताईनं ती आधी नीट वाचली आणि मग छाती भरून, सगळ्या जगाला कळावं अशा आवाजात म्हटली.

कॅप्टननी एक कान झाकून घेतला. “बघितलं,” ते हसत म्हणाले. “बाई, मी शेजारीच बसलोय.”